पहिला पक्षी काकाकुवा?

“बाई, मला पक्षी पाळायचाय. पहिलाच आहे. काकाकुवा घेऊ का?”

नाशिकसारख्या शहरातल्या शिक्षकाला हा प्रश्न आज ना उद्या ऐकायला मिळतोच. पांढराशुभ्र अंगाचा, मान डोलावणारा, डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उघडणारा हा पक्षी पाहून कुणालाही मोह पडावा. या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देता येईल. पण तो पक्षी पिंजऱ्यापर्यंत आला कसा, हे आधी पाहू या. बरंचसं उत्तर त्या इतिहासातच आहे.

आपल्याकडचा बोलका पक्षी म्हणजे राघू, म्हणजेच पोपट. त्याची कीर्ती फार जुनी आहे. इ. स. पूर्व ४००च्या सुमारास इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. हिंदुस्थानात माणसासारखं बोलणारा एक पक्षी असतो आणि शिकवलं तर तो ग्रीकही बोलतो, असं त्याने लिहून ठेवलं. इ. स. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने हिंदुस्थानातल्या हिरव्या अंगाच्या, गळ्यात तांबडं वलय असलेल्या पोपटाचं वर्णन केलं आहे. त्याचं डोकं इतकं कठीण असतं, की बोलायला शिकवताना त्यावर लोखंडी सळईने मारावं लागतं, असंही तो सांगतो! नाशिकची पांडवलेणी कोरली जात होती, तो साधारण हाच काळ. बोलणारा पक्षी हवा, पण त्याच्या स्वभावाशी देणंघेणं नको, ही वृत्ती किती जुनी आहे ते यावरून कळतं.

हिरवा राघू आपल्याकडून पश्चिमेला गेला. पांढरा काकाकुवा मात्र आपल्याही पूर्वेकडचा. त्याच्या सुमारे २१ जाती आहेत. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं, फिलिपिन्स आणि सॉलोमन बेटं हे त्यांचं घर. भारतात एकही जात निसर्गतः आढळत नाही. नावही परदेशीच. मलय भाषेतला ‘काकातुआ’ डच व्यापाऱ्यांकडून इंग्रजीत जाऊन ‘कॉकटू’ झाला, आणि आपण त्याला ‘काकाकुवा’ केलं. ऐकायला मात्र तो काका-मामांच्या नात्यातलाच वाटतो.

व्यापाराच्या वाटेवर हा पक्षी फार पूर्वीच लागला होता. तेराव्या शतकातला सम्राट फ्रेडरिक दुसरा याने ससाण्यांच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला. १२४१ ते १२४८ या काळातल्या त्याच्या हस्तलिखितात एका पांढऱ्या काकाकुव्याची चार चित्रं आहेत. हा पक्षी त्याला इजिप्तच्या सुलतानाने भेट दिला होता. या चित्रांचा सविस्तर अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे युरोपीय जहाजं त्या बेटांवर पोचण्याच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधी एक जिवंत काकाकुवा हात बदलत बदलत इटलीपर्यंत गेला होता. तेव्हा तो राजाने राजाला द्यायचा नजराणा होता. त्याची निगा राखायला सेवक होते आणि फिरायला महाल होता.

विज्ञानाच्या इतिहासातही काकाकुव्याला मानाचं पान आहे. १८५६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस बाली बेटावरून शेजारच्या लोंबोक बेटावर गेला. मधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी वीसेक किलोमीटरची. पण बालीत न दिसलेले पांढरे काकाकुवे लोंबोकमध्ये दिसू लागले. अशा निरीक्षणांतून आशियाई आणि ऑस्ट्रेलियन प्राण्यांच्या प्रदेशांमधली सीमा त्याने ओळखली. तिला आपण ‘वॉलेस रेषा’ म्हणतो. हिमयुगात समुद्राची पातळी शंभराहून अधिक मीटरने खाली गेली, तेव्हा बाली आशियाला जोडलं गेलं. पण ही सामुद्रधुनी खोल असल्याने लोंबोक वेगळंच राहिलं.

वॉलेसला दिसलेल्या पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्याची आज काय अवस्था आहे? जंगलतोड आणि पिंजऱ्यांसाठीची पकड यांमुळे तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला आहे. रानात जेमतेम दीड-दोन हजार पक्षी उरले असावेत, असा अंदाज आहे. गंमत म्हणजे हाँगकाँगच्या बागांमध्ये यांचे सुमारे दोनशे पक्षी मोकळे राहतात. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची ती पिल्लावळ!

आपल्याकडे कायद्याने वेगळंच वळण आणलं. १९९१ साली रानातल्या भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. राघूला पिंजऱ्यात ठेवणं हा आज गुन्हा आहे. पण पिंजऱ्याची हौस गेली नाही, ती परदेशी पक्ष्यांकडे वळली. आता त्यांनाही नियम आहेत. काकाकुव्याच्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ करारानुसार नियंत्रित आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार असा पक्षी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद करायला हवी. कागदपत्रं नसलेला पक्षी चोरटा असण्याची शक्यता मोठी.

समजा, कागदपत्रं चोख आहेत. तरी खरा प्रश्न उरतोच. शिकागोच्या ब्रूकफील्ड प्राणिसंग्रहालयात ‘कुकी’ नावाचा काकाकुवा होता. त्याचा जन्म १९३३चा आणि मृत्यू २०१६चा. म्हणजे ८३ वर्षं! सगळे इतके जगत नाहीत. पण मोठ्या जातींनी चाळीस-पन्नास वर्षं काढणं नवलाचं नाही. चौदा वर्षांच्या मुलाने आज पिल्लू घेतलं, तर निवृत्तीच्या वयातही तो त्याचा पिंजरा साफ करत असेल.

पुन्हा, काकाकुवा थव्यात राहणारा पक्षी. सकाळ-संध्याकाळी तो कर्कश ओरडतो, कारण रानात थव्यातल्या साथीदारांना हाक मारायची ती वेळ असते. फ्लॅटमध्ये ती हाक साऱ्या इमारतीला ऐकू जाते. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत गळते. दमेकऱ्याला ती बाधू शकते. बुद्धी तर विलक्षण! व्हिएन्नाजवळच्या प्रयोगशाळेतल्या ‘फिगारो’ने लाकडाची ढलपी सोलून जाळीपलीकडचा खाऊ ओढून घेतला, हे संशोधन २०१२चं. इतक्या हुशार जिवाला दिवसभर एकट्याने कोंडलं, तर तो कंटाळून स्वतःचीच पिसं उपटू लागतो.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं उदाहरण पाहा. १८९४ साली कारवारहून तिथे धनेशाचं एक पिल्लू आलं. या ‘विल्यम’ने सोसायटीच्या कचेरीत १९२०पर्यंत मुक्काम केला. लांबून फेकलेले टेनिसचे चेंडू तो चोचीत झेलत असे. तो पोपटाच्या जातीचा नव्हे, पण धडा तोच आहे. त्याच्या २६ वर्षांच्या आयुष्यात भोवती माणसांचा राबता होता आणि त्या माणसांना पक्ष्यांची जाण होती. दोघेही नोकरीला आणि मूल शाळेत, अशा घरात हे कुठून आणायचं?

तेव्हा त्या विद्यार्थ्याला सांगायचं ते हे : पहिला पक्षी म्हणून काकाकुवा नको. हौस असेलच, तर त्याच्याच कुळातला छोटा भाऊ कॉकाटेल किंवा बजरीगर पाहा. हे पिंजऱ्यातच पैदास झालेले मिळतात, त्यांचा आवाज सौम्य असतो आणि ‘साइट्स’च्या याद्यांत ते नाहीत. पण तेही एकटे ठेवू नका, आणि कॉकाटेलची पंधरा-वीस वर्षं मोजूनच घरी आणा.

वर्गात एक उपक्रम करता येईल. प्रत्येकाने आपल्या वयात ५० मिळवावेत आणि त्या वयापर्यंत शिक्षण, नोकरी, स्थलांतर असं काय काय घडेल त्याची यादी करावी. मग विचारावं, “या यादीत काकाकुवा कुठे बसतो?” आणि एका संध्याकाळी मुलांना गावातल्या मोठ्या झाडाखाली न्यावं. रातथाऱ्याला परतणाऱ्या राघूंचा कलकलाट ऐकला, की थवा म्हणजे काय आणि पिंजऱ्यात नेमकं काय हरवतं, हे वेगळं सांगावं लागणार नाही.