झारीतली गोदावरी

गंगाखेडला गोदावरीला लोक गंगाच म्हणतात. गावाच्या नावातही तीच आहे. जनाबाईचं हे गाव. घाटावर उभं राहिलं की वाटतं, ही नदी आपली, वारकऱ्यांची. पण हीच नदी नांदेड मागे टाकून तेलंगणात शिरते आणि तिथे जन्नारमजवळ हस्तिनामडुगू नावाच्या डोहावर वेगळी माणसं, वेगळ्या देवासाठी तिचं पाणी भरून नेतात.

ही माणसं राजगोंडांमधल्या मेसराम कुळाची. दरवर्षी पौष अमावास्येच्या आधी ती आदिलाबाद जिल्ह्यातल्या केस्लापूरहून निघतात, अनवाणी चालत डोहापर्यंत जातात आणि झारीत पाणी घेऊन परततात. त्या पाण्याने नागोबाचा अभिषेक होतो आणि जत्रा सुरू होते. कुळात नव्याने आलेल्या सुना पांढरी लुगडी नेसून देवापुढे येतात. देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी त्यांची ओळख करून दिली जाते. या विधीचं नाव 'भेटिंग'.

हा मुलूख आपल्याला परका नाही. 1956 पर्यंत परभणी आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. आज नांदेडमध्ये असलेला किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याचाच तालुका होता.

त्याच राज्यात 1940 मध्ये जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढणारा कोमाराम भीम जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने मारला गेला. गोंड एवढे का चिडले, हे समजून घ्यायला निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाठवलं. ते पत्नी बेट्टी यांच्यासह मार्लावाई गावात राहिले. 1942 पासून नागोबाच्या जत्रेत दरबार भरू लागला. गोंडांनी कचेरीत खेटे घालायचे नाहीत, अधिकाऱ्यांनीच जत्रेत येऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकायची, ही त्यामागची कल्पना. पुढे मार्लावाईत गोंड शिक्षक तयार होऊ लागले. त्यांच्यासाठी गोंडीतली पुस्तकं निघाली, तीही आपल्या देवनागरीत.

दरबार आजही भरतो. पण सगळं ऐकलं गेलं असं नाही. केस्लापूरजवळच्या इंद्रवेल्लीत 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा. खरा आकडा कितीतरी मोठा होता, असं लोक सांगतात. तिथे आता स्मारकस्तंभ आहे. जत्रेला जाणाऱ्याने आधी तिथे थांबावं. तो स्तंभ न पाहता नुसते ढोल आणि रंग पाहिले, तर अर्धाच इतिहास पाहिला असं होईल.

जाणं अवघड नाही. नांदेडहून किनवटमार्गे रेल्वे आदिलाबादला जाते. तिथून उटनूरच्या रस्त्याला इंद्रवेल्ली लागतं आणि त्याच्या जवळच केस्लापूर. मात्र आपल्या सुट्टीप्रमाणे नाही, त्यांच्या तिथीला जायचं. फोटो काढण्याआधी विचारायचं, नको म्हटलं तर फोन खिशात ठेवायचा. भेटिंग हा घरचा विधी आहे, रीलसाठी मांडलेला देखावा नाही. गोंडांचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या परधानांनी गाऊन जपला आहे. कुणी सांगत असेल तर बसून ऐकायचं, आणि त्याचा मोबदलाही द्यायचा.

घरात आलेल्या सुनेलाही जिथे आधी ओळख करून द्यावी लागते, तिथे आपण तर पाहुणे. आपण कुठून आलो, हे आधी सांगावं. गंगाखेडच्या माणसाला ते सोपं आहे: तुम्ही झारीत भरता ना, त्याच नदीच्या वरच्या काठावरून.