पीएसपीवर सिनेमा आणि व्हिडिओ : काय चालतं, काय अडकून बसतं

कोकणात, मुंबई-मुंब्र्यात बऱ्याच घरांत कपाटाच्या एखाद्या खणात एक पीएसपी पडलेला असतो. मामू किंवा चाचा कुवेत-दुबईहून सुटीवर येताना घेऊन आले, मुलांनी दोन-तीन वर्षं भांडून भांडून वापरला, मग घरात स्मार्टफोन आला आणि तो मागे पडला. आता सुटीत कुणाच्या तरी हाताला लागतो आणि शाळा उघडल्यावर आम्हाला विचारलं जातं, "सर, यात पिक्चर बघता येतो का?"

येतो. पीएसपी म्हणजे प्लेस्टेशन पोर्टेबल. सोनीने तो डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आणि मार्च २००५ मध्ये अमेरिकेत विकायला काढला. पडदा ४.३ इंचांचा, ४८० बाय २७२ ठिपक्यांचा, सिनेमाच्या पडद्यासारखा आडवा. आजच्या मोबाइलपुढे हे काहीच नाही, पण त्या काळी खिशात मावणाऱ्या यंत्रात एवढं चित्र दिसणं ही चैन होती. गेमच्या यंत्रावर व्हिडिओ ही कल्पना मात्र त्याआधीची. निन्टेंडोच्या गेम बॉय अॅडव्हान्ससाठी २००४ मध्ये कार्टूनची काडतुसं मिळायची. चित्र इतकं धूसर की मुलंच पाहू जाणोत.

पीएसपीवर सिनेमा बघण्याचे दोन मार्ग होते. पहिला यूएमडीचा. प्लास्टिकच्या कवचात बसवलेली ही छोटी तबकडी, तिच्यात १.८ जीबीपर्यंत मजकूर मावतो. अमेरिकेत विकलेल्या पहिल्या दहा लाख पीएसपींबरोबर 'स्पायडर-मॅन २' हा सिनेमा यूएमडीवर मोफत दिला होता. तरी हा धंदा टिकला नाही. डीव्हीडीच्या भावात यूएमडी घ्यायची आणि ती टीव्हीच्या प्लेअरला चालायची नाही, असा सौदा कोण करणार? २००६ च्या सुमारास हॉलिवूडच्या स्टुडिओंनी हात आखडता घेतला.

यात आपल्या घरांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. गेमच्या यूएमडीला देशाचं बंधन नव्हतं, सिनेमाच्या यूएमडीला होतं. डीव्हीडीसारखेच विभाग पाडलेले होते : आखाती देश विभाग २, भारत विभाग ५. म्हणून दुबईत घेतलेला सिनेमा दुबईच्याच पीएसपीवर चालायचा, आणि इथे विकत घेतलेल्या पीएसपीत घातला की नकार मिळायचा. तबकडी खराब आहे असं समजून किती जणांनी ती फेकली असेल!

दुसरा मार्ग मेमरी स्टिकचा, आणि आज कामाचा तोच. पीएसपीला आपलं नेहमीचं मेमरी कार्ड बसत नाही. सोनीचं मेमरी स्टिक प्रो ड्युओ लागतं, किंवा मोबाइलचं छोटं कार्ड ज्यात बसतं तो अडॅप्टर. बाजारात नकली स्टिक फार आहेत. वर ३२ जीबी लिहिलेलं असतं, फाइल भरल्यावर कळतं की आत चारच आहेत. विकत घेतल्यावर ती पूर्ण भरून, सगळ्या फाइल एकदा चालवून बघा.

फाइल एमपी-फोर पाहिजे : चित्र एव्हीसी पद्धतीचं (हिलाच एच-२६४ म्हणतात), आवाज एएसी, माप ४८० बाय २७२. सुरुवातीच्या पीएसपीला एवढं माप झेपत नव्हतं, ती सोय २००७ च्या सॉफ्टवेअर सुधारणेत आली. एमकेव्ही फाइल चालत नाही. संगणकावर हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे रूपांतर करून देतं. चित्र-आवाज मिळून सेकंदाला ९०० किलोबिट ठेवले तर दोन तासांचा सिनेमा साधारण ८०० एमबीत बसतो. सबटायटल चित्रातच कोरून घ्यावी लागतात. उर्दूची कोरली तर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, आम्ही करून पाहिलं आहे.

मुलांच्या हातात द्यायचा असेल तर सेटिंगमध्ये पालकांसाठी चार आकडी कुलूप आहे. ते गेम आणि यूएमडी सिनेमांवरची वयाची खूण बघून अडवतं. मेमरी स्टिकवर आपण टाकलेल्या फाइलला अशी खूणच नसते, तेव्हा तिथे काय आहे ते आपणच बघायचं.

नव्या यंत्रांचं थोडक्यात. निन्टेंडो स्विचवर नोव्हेंबर २०१८ पासून यूट्यूब आहे, पण कार्डावर टाकलेली आपली व्हिडिओ फाइल तो चालवत नाही. त्याचं पालकांसाठीचं मोबाइल अॅप मात्र चांगलं आहे, कशावर किती मिनिटं गेली ते दाखवतं. स्टीम डेक (२०२२) हा खरं तर छोटा संगणकच, त्यात सगळं चालतं. अॅपवर फार विसंबू नये. सोनीच्याच पीएस व्हिटावरून यूट्यूब २०१५ मध्ये गेलं, निन्टेंडो थ्रीडीएसवरून २०१९ मध्ये. यंत्र धडधाकट, पण बघायला काही नाही. कार्डावरची फाइल अशी कुणी काढून नेत नाही.

त्या फाइलसाठीच हा लेख लिहायला घेतला. आमच्या धाकट्या भावाने २००८ मध्ये पीएसपी आणला आणि घरातले काही व्हिडिओ त्यात भरून ठेवले. पुढे संगणकाची हार्ड डिस्क गेली. अम्मींच्या इंतकालनंतर कळलं की अंगणात तांदूळ निवडत बोलणाऱ्या अम्मी आता फक्त त्या स्टिकवर आहेत. पीएसपी सुरू होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारू, चालू होईल."

फॉरमॅट मारू देऊ नका. आधी बॅटरी काढून बघा. ती फुगलेली असेल तर पुन्हा बसवू नका, चार्जरवर पीएसपी बॅटरीशिवायही चालतो. जुनी मिनी यूएसबी केबल लावा, सेटिंगमध्ये यूएसबी कनेक्शन निवडा, संगणकाला स्टिक पेन ड्राइव्हसारखी दिसते. पीएसपी अजिबात सुरू होत नसेल तर मेमरी स्टिकचा खाचा असलेला कार्ड रीडर वापरा. तिच्यावर नवं काहीही न लिहिता अख्खी स्टिक आधी संगणकावर उतरवून घ्या. व्हिडिओ दोन ठिकाणी शोधायचे : 'व्हिडिओ' नावाच्या फोल्डरमध्ये आणि जुन्या पद्धतीच्या 'एमपी-रूट'मध्ये. दुसऱ्या ठिकाणी फाइलला नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, म्हणून लोकांना ती सापडत नाही. चुकून पुसलं गेलं असेल तर फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर लावून बघा. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर फाइल परत मिळण्याची शक्यता असते.

आमची फाइल एमपी-रूटमध्ये निघाली, दोन मिनिटं चाळीस सेकंदांची. ३२० बाय २४० चं चित्र मोबाइलवर मोठं केलं की चेहरा फुटतो, म्हणून आम्ही ते लहानच बघतो. आवाज स्वच्छ आहे. आता तिच्या तीन प्रती आहेत, एक भावाकडे कुवेतला.