एरंडेल ते सिंथेटिक

एरंडेल म्हटलं की माझ्या पिढीचं तोंड अजूनही वाकडं होतं. पोट साफ करायला आई चमचाभर पाजायची आणि आम्ही भावंडं घरभर पळायचो. पण मंडळी, याच एरंडेलावर एकेकाळी विमानांची इंजिनं चालायची!

"इतिहासाच्या बाई आता इंजिन ऑइलवर लिहिणार का?" असं आमच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी म्हणणारच. म्हणू दे. निमित्त झालं काटोलच्या भाच्याचं. संत्र्याच्या बागेत फवारणीची टाकी ओढायला त्याने एक जुनी एटीव्ही घेतली. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी. दुकानदाराने त्याच्यापुढे दोन डबे ठेवले. एक साधं मिनरल ऑइल, दुसरं सिंथेटिक. दुसऱ्याची किंमत दुपटीहून जास्त. "मावशी, कोणतं टाकू?" असा त्याचा फोन आला. मलाच का, तर घराण्यात सर्वांत जास्त वर्षं लुना मी चालवली म्हणून! पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऐन फवारणीच्या दिवसांत गाडी बसली तर बहार काही थांबून राहत नाही.

सवयीप्रमाणे मी आधी मागे गेले.

१८९९ साली लंडनमध्ये चार्ल्स वेकफिल्ड यांनी वंगणाची कंपनी काढली. मोटारी आणि विमानांच्या नव्या इंजिनांसाठी त्यांनी आपल्या तेलात एरंडेल मिसळलं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून १९०९ साली नाव पडलं 'कॅस्ट्रॉल'. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांत पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. त्यात एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि उष्णतेतही धातूला चिकटून राहतं. वापरलेलं तेल धुराबरोबर बाहेर फेकलं जाई आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. पुढे त्याच्या पोटाचं काय होत असेल ते सांगायला नको!

एरंडेलाचा दोष असा की तापून तापून त्याचा डिंकासारखा थर बसतो. त्यामुळे रोजच्या वाहनांत जमिनीखालच्या खनिज तेलापासून काढलेलं वंगण रुळलं. तेच मिनरल ऑइल. आसामात दिग्बोईची रिफायनरी १९०१ सालची. आपल्या महाराष्ट्रात ट्रॉम्बेला १९५४ आणि १९५५ मध्ये दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. त्या परदेशी कंपन्यांच्या होत्या. १९७० च्या दशकात सरकारने ताब्यात घेतल्यावर त्यांच्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाल्या.

१९७२ साली बाजारात लुना आली आणि त्याच सुमारास बजाजची चेतकही. दोन्ही टू-स्ट्रोक, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि पेट्रोलबरोबर जाळायचं. पेट्रोल पंपावरचा माणूस मापाने ऑइल ओतायचा आणि आम्ही टाकीत डोकावून बघायचो. धरमपेठेत सकाळी शाळा-कॉलेजच्या वेळी निळसर धुराचा पट्टा दिसायचा, तो या जळलेल्या तेलाचाच. तेव्हा निवड अशी नव्हतीच. पंपावर जे मिळेल ते!

आता सिंथेटिक. खनिज तेलात लहानमोठे सगळ्या मापांचे रेणू असतात आणि थोडं मेणही. थंडीत ते मेण गोठतं आणि तेल घट्ट होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे खनिज तेलाची टंचाई होती आणि रशियातली थंडी जीवघेणी. तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम वंगणं तयार केली. पुढे ती जेट विमानांत आली. अमेरिकेतल्या अल अमाटुझिओ नावाच्या लढाऊ वैमानिकाला वाटलं, जे जेटला चालतं ते मोटारीला का नको? १९७२ साली त्याच्या ॲमसॉइल कंपनीचं तेल मोटारींच्या तेलासाठीच्या मानकाला उतरलं. त्याच दशकात 'मोबिल वन' आलं.

गंमत पुढे आहे. १९९० च्या दशकात कॅस्ट्रॉलने आपल्या सिंथेटिकचा पाया बदलला. कच्च्या तेलातलेच रेणू हायड्रोजनच्या साहाय्याने, मोठ्या दाबाखाली तोडून आणि शुद्ध करून ते तेल केलं जाऊ लागलं. 'हे सिंथेटिक कसलं?' म्हणत मोबिलने अमेरिकेतल्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. म्हणजे डब्यावरचा शब्द तोच राहिला, आतली वस्तू बदलली. राज्यं बदलतात आणि पदव्या त्याच राहतात, तसं हे.

म्हणून भाच्याला सांगितलं, आधी मोठ्या अक्षरांतला शब्द सोड, बारीक अक्षरं वाच. '१०डब्ल्यू-४०' यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातला. माझी भाची कॅनडात एडमंटनला असते. तिथे पारा उणे तीसपर्यंत उतरतो, तिथे सिंथेटिकचे पैसे पहिल्याच सकाळी वसूल होतात. काटोलला कसली आली आहे तसली थंडी! आपल्याकडे प्रश्न उन्हाचा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान होतं. अशा उन्हात तासन्‌तास ओझं ओढायचं असेल तर सिंथेटिक लवकर खराब होत नाही, हा तिचा दुसरा गुण खरा कामाचा.

शिवाय गाडीची पुस्तिका बघ. इंजिनाचंच ऑइल क्लचलाही मिळत असेल तर डब्यावर 'जासो एमए' हे जपानी मानक हवं. कारसाठीचं इंधन वाचवणारं निसरडं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो, मग ते कितीही महाग असो.

आणि शेवटचं म्हणजे धूळ. बागेतली धूळ तेलात उतरली की महाग-स्वस्त दोन्ही सारखीच काळी. महागाचं टाकून 'हे खूप दिवस चालतं' म्हणत विसरणाऱ्यापेक्षा, साधं टाकून वेळेवर बदलणाऱ्याचं इंजिन जास्त टिकतं.

त्याची गाडी दिवसाला तास-दीड तासच चालते, तीही सकाळच्या गारव्यात. पुस्तिकेत दोन्ही तेलं चालतील असं लिहिलेलं होतं. त्याने योग्य ग्रेडचं मिनरल घेतलं, उरलेल्या पैशांत नवा एअर फिल्टर बसवला आणि किती तास गाडी चालली ते रोज वहीत लिहायला सुरुवात केली.

एडमंटनकरांनी मात्र याचं अनुकरण करू नये!