खंड भरणारे साहेब

आज आपण जाणार आहोत आयर्लंडला, आणि आजचा हीरो आहे एक डुक्कर. हसू नका, गोष्ट गंभीर आहे.

एकोणिसाव्या शतकात तिथले लोक डुकराला गमतीनं 'खंड भरणारे साहेब' म्हणायचे. खंड म्हणजे शेतजमिनीचं भाडं. जमीन जमीनदाराची, कुळाकडे जेमतेम तुकडा. एवढ्याशा जागेत घरादाराचं पोट भरेल असं एकच पीक होतं, बटाटा. माणसं तेच खायची, वर ताक प्यायची.

आता अडचण बघा. बटाटा धान्यासारखा वर्षानुवर्षं टिकत नाही. उन्हाळा आला की कोंब फुटतात, सडतो. मग बारके, खराब बटाटे आणि सालं उकडून डुकराला घालायची. उकडून का? तर कच्च्या बटाट्यातला स्टार्च डुकराला नीट पचत नाही. कोंबड्यांनाही त्यातलंच मिळायचं. एकूण पिकातला साधारण तिसरा हिस्सा जनावरांच्या पोटात जायचा.

डुक्कर तयार झालं की बाजारात विकायचं आणि खंड भरायचा. अंडी विकून वरखर्च भागायचा. म्हणजे नासणारा बटाटा डुकराच्या रूपात साठवायचा. चालती-फिरती बँकच म्हणा ना! ज्यांनी डुक्कर पाळलं, त्यांच्या ताटात मात्र मांस क्वचितच यायचं.

1845 मध्ये बटाट्यावर करपा आला. पानं काळी पडली, जमिनीतले बटाटे सडले. त्या वर्षी पीक पूर्ण गेलं नव्हतं, त्यामुळे अनेकांनी डुकरं विकली आणि त्यांच्या वाटणीचे बटाटे स्वतः खाल्ले. पण 1846 मध्ये जवळपास सगळंच पीक गेलं. आता विकायला डुक्कर नाही, नवीन पिल्लू घेतलं तर घालायला काही नाही. 1841 मध्ये देशात सुमारे 14 लाख डुकरं होती. 1847 मध्ये उरली सुमारे 6 लाख. खंड थकला आणि हजारो कुटुंबांना जमीनदारांनी घराबाहेर काढलं. 82 लाखांच्या त्या देशात जवळपास 10 लाख माणसं गेली, आणि तितकीच देश सोडून निघाली.

आयर्लंडचा दुष्काळ शिकवताना म्हणतात, 'ते एकाच पिकावर जगत होते.' मला यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. त्यांची बचतसुद्धा त्याच पिकावर उभी होती.

आपल्याकडे शेळीला गरिबाची गाय म्हणतात. पण शेळी बाभळीच्या शेंगा खाते, झाडपाला खाते. तिचं आणि आपलं ताट वेगळं आहे. आयर्लंडमध्ये माणूस आणि डुक्कर एकाच ताटात जेवत होते. ते ताट रिकामं झालं, तेव्हा भूक आणि कर्ज एकाच दिवशी दारात आलं.

तुमच्या घरी अडीअडचणीला काय विकलं जायचं? आजी-आजोबांना नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात!