मालकाच्या ट्रकमधून मतदानाला

३ मार्च १९५७, रविवार. चिलीतल्या कोल्चाग्वा प्रांतात तुम्ही मालकाच्या ट्रकमध्ये दाटीवाटीने उभे आहात. आज संसदेची निवडणूक.

तुम्ही 'इन्किलिनो'. राहतं घर मालकाचं, मागचा मक्याचा तुकडा मालकाचा, गुरं चरतात ते रानही त्याचंच. बदल्यात वर्षभर त्याच्या शेतात राबायचं. कोकणातली खोती ज्यांच्या घराने भोगली, त्यांना हे नातं समजावून सांगायला नको.

ट्रकमधून उतरताच मुकादम घडी घातलेली मतपत्रिका हातात ठेवतो. ती सरकारने छापलेली नाही, मालकाच्या पक्षाने छापली आहे. समाजवाद्यांना मत द्यायचं तर त्यांच्या माणसाकडे जाऊन त्यांची पत्रिका मागायला हवी. तो चार पावलांवर उभा आहे, पण मुकादमही हललेला नाही. तुम्हाला बायकोपोरं आठवतात, कणसं भरत आलेला तो तुकडा आठवतो. हातातलीच पत्रिका पेटीत जाते.

कागदोपत्री चिली तेव्हाही लोकशाही देश. निवडणुका व्हायच्या, सरकारं बदलायची. पण निरक्षराला मताचा हक्कच नव्हता, आणि ज्याला होता त्याला एका मतापायी घराबाहेर काढता येत होतं. मला यातली दुसरी गोष्ट जास्त भयंकर वाटते. याच मतांच्या जोरावर जमीनदारांचे पक्ष संसदेत बसून जमीन सुधारणा अडवून धरत.

आता दीड वर्ष पुढे चला. ४ सप्टेंबर १९५८, अध्यक्षपदाची निवडणूक. नव्या कायद्याने पत्रिका एकच, सरकारने छापलेली, सगळे उमेदवार तिच्यावरच, आणि ती मिळते मतदान केंद्रात. मुकादम आजही बाहेर आहे, पण तुम्ही खूण कुठे केली हे त्याला कळायला मार्ग नाही. उजव्यांचे अलेस्सांद्री जिंकतात. समाजवादी साल्वादोर आयेंदे मात्र जेमतेम ३३ हजार मतांनी मागे राहतात. जिथे इन्किलिनो जास्त, तिथे उजव्यांना मिळणारी जादा मतं या बदलानंतर आटली, हे पुढे अर्थशास्त्रज्ञ बालाँ आणि रॉबिन्सन यांनी आकडे तपासून दाखवलं.

१९५८ साली कोणाची एक गुंठाही जमीन गेली नव्हती. सुटलं होतं ते फक्त मत. १९६७ साली त्याच संसदेने शेतमजुरांना संघटना बांधायचा हक्क दिला, आणि चांगल्या बागायतीच्या हिशेबाने ८० हेक्टरांवरची जमीन ताब्यात घ्यायचा अधिकार सरकारला दिला.