साभार परतीचे भय नसलेले जग

१९०८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात एका तरुणाने आपल्या जवळजवळ सर्व कथा स्वतःच्या हातांनी नष्ट केल्या. वय जेमतेम १८. त्या कथा टिकण्याच्या लायकीच्या नाहीत, असा निवाडा त्याने स्वतःच दिला होता. दोनच कथा त्यातून वाचल्या. पुढची नऊ वर्षे त्याच्या लेखणीतून कथा उतरली नाही.

या तरुणाचे नाव हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. विश्वाच्या अथांग पोकळीत माणसाला कवडीचीही किंमत नाही, या जाणिवेतून निर्माण होणारे भय त्याने साहित्यात आणले. नारायण धारप यांच्या कथांमधून पलीकडच्या अनाम, अमानुष शक्तींची चाहूल ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना लव्हक्राफ्टची छाया नकळत भेटलेली असते. मग नऊ वर्षे मौनात गेलेला हा लेखक पुन्हा कथेकडे वळला कसा? त्याचे उत्तर कोणत्याही नामांकित प्रकाशकाच्या दालनात सापडत नाही. ते सापडते घरगुती छपाईयंत्रांवर निघणाऱ्या, विक्रीसाठी नसलेल्या चिमुकल्या अंकांत.

१८६७ च्या सुमारास बॉस्टनच्या बेंजामिन वुड्स यांनी ‘नॉव्हेल्टी प्रेस’ नावाचे एक लहान छपाईयंत्र बाजारात आणले. घरातल्या एखाद्या खोलीत सहज मावेल, एवढेच ते. शाळकरी मुलांनी त्याचा ताबा घेतला. खिळे जुळवायचे, शाई फिरवायची, चार-आठ पानांचा अंक काढायचा आणि दुसऱ्या गावातल्या अशाच कोणा संपादकाला टपालाने पाठवायचा. त्याच्याकडून मोबदला म्हणून त्याचा अंक यायचा. आपल्याकडे महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत हस्तलिखिते निघत, त्यांच्याशी याचे नाते जवळचे आहे. फरक असा, की हस्तलिखिताची प्रत एकच असते आणि ती हातोहात फिरते. इथे प्रती छापलेल्या होत्या आणि त्या देशभर जात होत्या.

४ जुलै १८७६ रोजी, अमेरिका स्वातंत्र्याची शताब्दी साजरी करीत असताना, फिलाडेल्फियात या हौशी मंडळींचा ‘नॅशनल अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ हा संघ उभा राहिला. १८९५ मध्ये ‘युनायटेड’ नावाचा दुसरा संघ निघाला; त्याचे जनकही किशोरवयीनच. सभासदांच्या याद्या, वार्षिक मेळावे, पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका असा सगळा थाट होता. भांडणेही होती. १९१२ च्या निवडणुकीच्या वादातून ‘युनायटेड’ चक्क दुभंगला. मराठी साहित्यसंस्थांच्या जुन्या सभासदांना हे वातावरण मुळीच परके वाटले नसते.

या संघांनी केलेली एक गोष्ट मात्र विशेष मोलाची होती. सभासदांच्या अंकांची जाहीर समीक्षा करणारा स्वतंत्र विभाग त्यांनी चालवला. नवशिक्याची कविता अथवा कथा कोणीतरी ओळ न ओळ वाचत असे आणि तिच्यावर नाव घेऊन लिहीत असे. व्यावसायिक मासिकाचा संपादक ‘साभार परत’ एवढेच कळवतो. काय बिघडले, ते सांगायला त्याला वेळ नसतो.

लव्हक्राफ्ट या जगात आला तोही भांडणातूनच. वडील मनोरुग्णालयात वारलेले, आजोबांच्या निधनानंतर राहते घर गेलेले, १९०८ च्या मानसिक आघातानंतर शाळा अर्धवट सुटलेली. पाच वर्षे तो आईसोबत जवळजवळ अज्ञातवासात राहिला. वाचन मात्र चालू होते. १९१३ मध्ये ‘आर्गसी’ मासिकातील फ्रेड जॅक्सन या लोकप्रिय लेखकाच्या प्रेमकथांवर त्याने वाचकांच्या पत्रव्यवहारात सडकून टीका केली. जॅक्सनचे चाहते खवळले. जॉन रसेल नावाच्या वाचकाने पद्यात उत्तर दिले, लव्हक्राफ्टने अठराव्या शतकातील थाटाच्या द्विपद्यांत प्रत्युत्तर दिले आणि हे शाब्दिक द्वंद्व महिनोन्‌महिने रंगले. ‘युनायटेड’चे एडवर्ड डास ते वाचत होते. त्यांनी दोघांनाही संघात येण्याचे निमंत्रण दिले. एप्रिल १९१४ मध्ये लव्हक्राफ्ट सभासद झाला.

आपण त्या वेळी जवळजवळ वनस्पतीवत् अवस्थेला पोहोचलो होतो आणि या हौशी जगाने आपल्याला जगण्याचे कारण दिले, अशा आशयाची कबुली त्याने १९२१ मध्ये दिली आहे. ती अतिशयोक्ती मानण्याचे कारण नाही. वर्षभरात त्याने ‘द कन्झर्व्हेटिव्ह’ हा स्वतःचा अंक काढला. १९१५ ते १९२३ या काळात त्याचे १३ अंक निघाले. समीक्षा विभागाची धुरा त्याच्याकडे आली आणि १९१७ मध्ये तो संघाचा अध्यक्ष झाला. क्लाइनर, कोल, मो या मित्रांसह त्याने एक फिरते पत्र सुरू केले. प्रत्येकाने आपला मजकूर जोडायचा आणि चळत पुढच्याकडे रवाना करायची. चौघांच्या नावांतील आद्याक्षरे गुंफून तिचे नाव ठेवले ‘क्लायकोमोलो’.

येथवर कथेचा मागमूस नाही. लव्हक्राफ्ट स्वतःला कवी आणि निबंधकार समजत होता. नोव्हेंबर १९१६ मध्ये त्याने राखलेल्या दोन कथांपैकी ‘द अल्केमिस्ट’ ही संघाच्या मुखपत्रात छापली गेली. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅथॉल या गावी डब्ल्यू. पॉल कुक नावाचा मुद्रक राहत असे. पोटासाठी छपाई आणि हौसेसाठीही छपाई, असा हा माणूस. लव्हक्राफ्टचे खरे बळ पद्यात नसून या भयकथांत आहे, हे त्याने ओळखले आणि तो पुन्हा कथा लिही म्हणून त्याच्या मागे लागला. १९१७ च्या जूनमध्ये ‘द टूम’ लिहून झाली, जुलैमध्ये ‘डेगन’. कुकने आपल्या ‘द व्हॅग्रंट’ या अंकात नोव्हेंबर १९१९ मध्ये ‘डेगन’ छापली आणि सोबत लव्हक्राफ्टच्या कथालेखनाचा गौरव करणारा लेखही लिहिला. तेव्हा या कथाकाराला हौशी वर्तुळाबाहेर कोणी ओळखत नव्हते.

नुसत्या कौतुकाने लेखक घडत नाही. आणि या मंडळींनी नुसते कौतुक केलेही नाही. ‘ट्रान्सअटलांटिक सर्क्युलेटर’ नावाच्या गटात हस्तलिखिते टपालाने समुद्र ओलांडून फिरत आणि प्रत्येक वाचक आपला शेरा जोडी. तिथे ‘डेगन’ची चिरफाड झाली. नायक चिखलात अर्धा रुतला असताना सरपटतो कसा, असा रोकडा प्रश्न एकाने विचारला. लव्हक्राफ्टने उत्तर दिले, की हे दृश्य आपण स्वप्नात पाहिले आहे आणि तो चिखल आपल्याला अजून जाणवतो! १९२१ मध्ये या आक्षेपांना उत्तरे देताना त्याने लिहिलेली टिपणे म्हणजे त्याच्या वाङ्‌मयीन भूमिकेची पहिली सुस्पष्ट मांडणी होय. टीकाकार मिळाले नसते, तर ती मांडण्याची वेळ कदाचित आलीच नसती.

लव्हक्राफ्टच्या चाहत्यांना आवडत नाही, अशी एक बाजूही इथे नोंदवायला हवी. तो कट्टर वंशवादी होता आणि ‘द कन्झर्व्हेटिव्ह’च्या पहिल्याच अंकात ते उघड झाले. ब्रुकलिनचे ज्यू संपादक चार्ल्स आयझॅकसन यांनी आपल्या ‘इन अ मायनर की’ या अंकातून त्याला खडे बोल सुनावले. जेम्स मॉर्टन हे हार्वर्डचे पदवीधर. वंशद्वेषाविरुद्ध त्यांनी १९०६ मध्येच पुस्तिका लिहिली होती. त्यांनी तर लव्हक्राफ्टच्या सनातनीपणाची लक्तरे काढली. लव्हक्राफ्टने दोघांवर उपहासपर दीर्घकाव्य रचले, पण ते हयातीत प्रसिद्ध केले नाही. पुढे हेच मॉर्टन त्याचे जिवलग मित्र झाले. १९२१ च्या बॉस्टन मेळाव्यात त्याला भेटलेल्या सोनिया ग्रीन युक्रेनमधून आलेल्या ज्यू होत्या. १९२४ मध्ये दोघांचा विवाह झाला. म्हणून त्याचे पूर्वग्रह विरघळले, असे मात्र नाही. न्यूयॉर्कमधील वास्तव्यात लिहिलेली त्याची पत्रे स्थलांतरितांविषयीच्या द्वेषाने भरलेली आहेत. त्या वर्तुळाने त्याला उत्तर दिले, मैत्री दिली. तो पूर्णपणे बदलला नाही, हा दोष त्याचा.

कथालेखनाचे पहिले पैसेही हौशी ओळखीतूनच आले. जॉर्ज हाउटेन या सहकाऱ्याने ‘होम ब्रू’ हे मासिक काढले आणि १९२२ मध्ये लव्हक्राफ्टकडून सहा भागांची भयकथा लिहून घेतली, दर भागास पाच डॉलर. ऑक्टोबर १९२३ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ या व्यावसायिक मासिकात ‘डेगन’ पुन्हा छापली गेली. पण व्यवसायाच्या जगात तो कधीच रुळला नाही. १९३१ मध्ये याच मासिकाने ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ नाकारली, तेव्हा तो पार खचला. कुक मात्र होता. लव्हक्राफ्टचा अलौकिक भयसाहित्यावरील प्रदीर्घ निबंध त्याने १९२७ मध्ये छापला. पुढच्या वर्षी ‘द शन्ड हाउस’ कथेचे फर्मेही छापले, पण त्यांची बांधणी त्याच्या हातून झाली नाही. १५ मार्च १९३७ रोजी लव्हक्राफ्ट वारला, तेव्हा मोठ्या प्रकाशकाने काढलेले त्याचे एकही पुस्तक अस्तित्वात नव्हते.

आपल्याला जे मिळाले, ते तो अखेरपर्यंत इतरांना देत राहिला. १९३३ मध्ये रॉबर्ट ब्लॉक नावाच्या १६ वर्षांच्या मुलाने त्याला पत्र लिहिले. लव्हक्राफ्टने उत्तर तर दिलेच, शिवाय कथा लिहून पाहा, मी वाचीन, असेही सुचवले. हाच ब्लॉक पुढे ‘सायको’ कादंबरीचा लेखक म्हणून जगाला ठाऊक झाला. १९३५ मध्ये त्याने आपल्या एका कथेत लव्हक्राफ्टसारख्याच पात्राला भीषण मृत्यू द्यायचे ठरवले आणि रीतसर परवानगी मागितली. लव्हक्राफ्टने सही-साक्षीदारांनिशी परवानगीपत्र पाठवले. साक्षीदार अर्थातच त्याच्या कथाविश्वातले होते. मग त्याने परतफेड केली. ‘द हाँटर ऑफ द डार्क’मध्ये रॉबर्ट ब्लेक नावाचा तरुण लेखक मरतो. ब्लॉकलाच अर्पण केलेली ही कथा लव्हक्राफ्टने एकट्याने लिहिलेली शेवटची कथा ठरली.