स्नायुकंपन आणि उभ्या देहाचा तोल : एका प्रयोगाच्या अर्थांतराचा इतिहास

प्रस्तावना

डोळे मिटून उभ्या असलेल्या व्यक्तीच्या टाचेमागील कंडरेवर सेकंदाला सुमारे ८० आवर्तनांचे कंपन दिले असता तिचे शरीर मागे झुकते. नडगीपुढील स्नायूला तेच कंपन दिल्यास ते पुढे झुकते. तोलाच्या अभ्यासात हा प्रयोग आज नित्याचा आहे. तथापि त्याचा अर्थ लावताना शरीरक्रियाशास्त्राला आपले एक प्रस्थापित मत सोडावे लागले. प्रस्तुत लेखात या अर्थांतराचा आढावा घेतला आहे.

स्नायुजाणिवेचा वाद

मेंदूची आज्ञा स्नायूकडे जाते, तसे स्नायूच्या अवस्थेचे ज्ञान मेंदूकडे येते, असे चार्ल्स बेल यांनी १८२६ मध्ये प्रतिपादिले. मेरुरज्जूच्या एका विकाराचे रुग्ण डोळे मिटताच डोलू लागतात, ही नोंद बर्लिनच्या मॉरिट्झ रोमबर्ग यांनी १८४० च्या दशकात केली. १९०६ मध्ये शेरिंग्टन यांनी शरीरांतर्गत स्थितिसंवेदनेस ‘प्रोप्रिओसेप्शन’ ही संज्ञा दिली. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र वेगळे मत प्रबळ झाले : स्नायूंचे संदेश केवळ प्रतिक्षिप्त क्रियांपुरते असून अवयवांच्या स्थितीची जाणीव सांध्यांतून होते. १९६७ मध्ये गेल्फन व कार्टर यांनी शस्त्रक्रियेत उघड्या झालेल्या कंडरा ओढून पाहिल्या. जाग्या रुग्णांना हालचाल जाणवली नाही. त्यामुळे या मतास बळ मिळाले.

उप्साला आणि ऑक्सफर्ड

कंपनाने स्नायू आपोआप आकुंचन पावतो, हे स्वीडनमधील उप्साला येथे हागबार्थ व एकलुंड यांनी १९६६ मध्ये दाखविले. एकलुंड यांनी पुढे तोलावरील परिणाम अभ्यासून १९७२ मध्ये त्यांचे सविस्तर विवेचन केले. पोटरी आकुंचन पावली की शरीर मागे ओढले जाते. म्हणून झुकण्याचे कारण प्रतिक्षिप्त क्रियेत शोधणे स्वाभाविक होते.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या गुडविन, मॅक्लॉस्की व मॅथ्यूज यांनी दंडाच्या पुढील स्नायूला कंपन दिले. डोळे बांधलेल्या व्यक्तींना आपले कोपर प्रत्यक्षाहून अधिक सरळ झाल्याचा भास झाला. कंपनग्रस्त स्नायू ताणला गेल्याचा खोटा संदेश जाणिवेपर्यंत पोहोचत होता. लॅकनर व लेव्हिन यांनी १९७९ मध्ये हाच विचार उभ्या देहास लावला. शरीर जखडून अंधारात पोटरीच्या स्नायूंना कंपन दिले असता व्यक्तीला आपण पुढे कलत आहोत असे वाटले. मोकळ्या उभ्या व्यक्तीचे मागे झुकणे म्हणजे या काल्पनिक पुढे पडण्याचे निवारण होय, असा अर्थ यातून निघतो. प्रतिक्षिप्त आकुंचन यामुळे खोटे ठरत नाही. ते एकमेव कारण उरत नाही, इतकेच.

निष्कर्ष

१९८३ मध्ये मॅक्लॉस्की व सहकाऱ्यांनी कंडरा ओढण्याचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हालचाल जाणवल्याचे आढळले. एका प्रयोगात जाणीव आढळली नाही, यावरून ती नाहीच असा सिद्धांत करणे घाईचे होते. उभे राहणे आपल्याला सहज वाटते, कारण स्नायूंची साक्ष सहसा खरी असते. कंपनाने ती साक्ष खोटी केली, तेव्हाच तिचे अस्तित्व निर्विवाद सिद्ध झाले.